पायाळू बाईची कंबर

मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मले. पायाळू माणसानं पाय लावला की भरलेली कंबर मोकळी होते, असं आमच्या वलगावात मानतात. त्यामुळे सकाळीच कोणी ना कोणी ओसरीवर पालथं पडलेलं असायचं. "काकू, चमक भरली, जरा पाय लाव न वं." मी पाठीवरून डावा पाय फिरवायची, ते कण्हत उठायचे, चहा पिऊन जायचे. गुण पायाचा की चहाचा, देव जाणे.

मग सलग नापिकीची वर्षं आली. आळीतली माणसं एकेक करून पुण्या-सुरतेला गेली, दारांना कुलपं लागली. नवरा आधीच वारलेला. ओसरीवर यायला कोणी उरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच माझी कंबर भरली. दिव्याखाली अंधार! स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लागत नाही. मुलाचा पुण्याहून फोन आला: झेपत नसेल तर घर बंद कर आणि ये. मला घर सोडायचं नव्हतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात एक डॉक्टरीण नुसत्या हातांनी मणके मोकळे करते, असं कळलं. पाटीवर 'कायरोप्रॅक्टिक' लिहिलेलं. तो शब्द मी अर्ध्यातच सोडला. पडलात का, पाय बधिर होतात का, हाडं ठिसूळ आहेत का, सगळं तिनं विचारलं, एक्स-रे पाहिला. मग बोटांनी एकेक मणका चाचपत खाली आली.

"हाड सरकलं नाही तुमचं, काकू. सांधा आखडला हाय. मी झटका देईन तं कटकन आवाज येईन. तो सांध्यातल्या हवेचा, हाड मोडत नाही. उद्या थोडं ठणकन, भेऊ नका."

तिनं मला कुशीवर निजवलं, एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवला, श्वास सोडायला लावला आणि दाबलं. आवाज आला. दुखलं नाही, पण मला रडू फुटलं. किती वर्षांनी कोणी पाठीला हात लावला होता.

मग दर मंगळवारी जाऊ लागले. तिनं दिलेले व्यायामही केले. हळूहळू वाकता आलं, घागर उचलता आली. मुलाला ठणकावून सांगितलं, मी कुठंही येत नाही.

एका मंगळवारी तिनं पाठ चाचपली आणि हसली. "बरी झाली तुमची कंबर. आता येऊ नका, घरीच व्यायाम करत राहा."

एवढी चांगली बातमी, पण माझं तोंड उतरलं. घर माझं राहिलं होतं. एसटीत बसल्यावर उमगलं, त्या घरात मला हात लावणारं कोणी नाही.