फोनवालीची भाकर

ती कापडात भाकर बांधून निघाली की गल्लीतल्या बाया दारं लोटून घ्यायच्या. आपल्या दारावरून पुढं गेली की आतूनच देवाला हात जोडायच्या. गाव तिला फोनवाली म्हणायचं. माझी ती बायको. आमच्या वेळी बायकोचं नाव कुणी घेत नव्हतं, मीही घेतलं नाही. आता घेऊन ती काही ओ देणार नाही. म्हणून मीही फोनवालीच लिहितो.

सेलूकडून खांब रोवत रोवत गावात पहिला फोन आला, तेव्हा आमचं घर सडकेला लागून म्हणून तो काळा डबा आमच्या ओसरीवर ठेवला. सगळ्यांना वाटलं, फोन मी सांभाळणार. पलीकडचा बोलायचा आणि मी नुसती मान डोलवायचो. ती म्हणाली, "अवो, त्याला तिकडं तुमची मुंडी दिसायलीय व्हय? सरका." तेव्हापासून फोन तिचा झाला.

शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. सगळे निरोप डोक्यात ठेवायची. ज्याचा फोन असेल त्याला शेतातून, पाणवठ्यावरून हाक मारून आणायची. पण मयताची खबर आली की ती लगेच निघत नसे. आधी चुलीपाशी बसून एक भाकर थापायची. भाकर, त्यावर झुणका नाहीतर नुसती चटणी, असं बांधून मग निघायची. त्या घरी जाऊन माणसाला बसवायची, "आधी दोन घास खा" म्हणायची, आणि खाऊन हात धुतल्यावर सांगायची. मी एकदा चिडून म्हणालो, "लोकाचं माणूस मेलंय आणि तू जेवण कसलं वाढायलीस?" ती म्हणाली, "खबर ऐकल्यावर चूल पेटती का? माणूस उपाशी एसटीत बसतं, उपाशी रडतं, उपाशीच खांदा देतं. रडायला बी ताकद लागती."

पहिल्यांदा लोकांना कळलं नाही, मुकाट्यानं खाल्लं. पुढं सगळ्यांना माहीत झालं आणि पंचाईत झाली. एकदा ती माझीच भाकर घेऊन शेताकडं निघाली होती. वाटेत एका म्हाताऱ्यानं तिच्या हातातलं फडकं बघितलं आणि मटकन खाली बसला. "कोन गेलं गं माय, सांग." ती म्हणाली, "कुनी न्हाई गेलं. माझा नवरा जायलाय भुकेनं. उठा." त्या दिवसापासून माझी भाकर ॲल्युमिनियमच्या डब्यात यायला लागली. आणि साधा निरोप असला तर ती लांबूनच दोन्ही रिकामे हात वर करून दाखवायची. भर उन्हात हात वर करून चालणारी बाई बघून नवखा माणूस हसायचा. गावातलं कुणी हसत नव्हतं.

गोड बोलणारी ती नव्हती. नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद होत्या. बौद्धवाड्यातल्या सोजरबाईचा पोरगा प्रकाश औरंगाबादला शिकायला होता, त्याची काही खबर नव्हती. सोजरबाई सकाळपासून आमच्या अंगणात उभी. फोनवालीनं तिला ओसरीवर घेतलं, फोनजवळ बसवलं. आमच्या भावकीतला एक जण म्हणाला, "वैनी, फोन सगळ्या गावाच्या तोंडाला लागतो." ती म्हणाली, "तिचं पोरगं तिकडं अडकलंय. तुमचं इथं जेवून ढेकर द्यायलंय. तुमी घरी जा." तो गेला, पण नंतर बरेच दिवस आमच्याशी बोलला नाही. त्या दिवशी फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला, पोरगा नीट होता. सोजरबाई तेव्हा नेमकी घरी गेलेली. फोनवाली बौद्धवाड्याच्या तोंडापासूनच दोन्ही हात वर करून पळत सुटली. पदर खाली लोळत होता, तिला त्याची शुद्ध नव्हती.

काही वर्षांनी देवगाव फाट्याकडून सडकेच्या कडेनं चारी खोदत मजूर आले. जमिनीखालून नवी केबल टाकायची होती. ही त्यांना पाण्याचा हंडा घेऊन गेली आणि मुकादमाला विचारून आली. त्यानं तिला केबलचा तुकडा सोलून दाखवला होता. आत केसासारखे बारीक काचेचे धागे. मला म्हणाली, "त्या एका केसातून सगळा जिल्हा एकदम बोलंल म्हनं." आपल्या गावाला कधी, असंही तिनं विचारलं होतं. मुकादम म्हणाला, "बाई, ह्यो मोठ्या गावाहून मोठ्या गावाला जातो. मधी उतरत न्हाई." ती हसून म्हणाली, "म्हंजी जलद एसटी. धूळ तेवढी आपल्याला."

तसंच झालं. चारी बुजवली, पण माती बसली नाही. पावसात आमचे खांब कलले, तार खाली आली आणि कुणीतरी ती गुंडाळून नेली. फोन मुका झाला. मी सेलूच्या फोन ऑफिसात खेटे घातले. तिथला माणूस म्हणायचा, "काका, आता नवीन येणार आहे, जुनं कशाला दुरुस्त करायचं?" नवीन कधी येणार? "येईल की." वर बोट दाखवायचा. वर पंखा फिरत होता. मी काय करणार? परत यायचो. ती रोज सकाळी फोनवरची धूळ पुसायची आणि कानाला लावायची. माणूस गेलं का राहिलं बघायला नाकाशी सूत धरतात, तशी. मग खाली ठेवायची आणि कामाला लागायची.

त्याच साली तिचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. परभणीच्या दवाखान्यात ठेवली. पूर्णेला दिलेली आमची लेक येऊन राहिली. सोजरबाईचा प्रकाश तेव्हा परभणीलाच नोकरीला होता. रोज संध्याकाळी येऊन उशाशी बसायचा. डॉक्टर माझ्याशी कमी आणि प्रकाशशी जास्त बोलायचे. त्यावरून मी समजलो. पण समजून करायचं काय? हात चोळत बाकड्यावर बसायचं.

एक दिवस गावचा जीपवाला सांगून गेला की उद्या लाइनमन येणार. ती उशीवरून मान उचलून म्हणाली, "तुमी गावाकडं जा. घराला कुलूप बघून त्यो माघारी जाईल."

मी म्हणालो, "इतके दिवस आला न्हाई त्यो उद्या येतोय व्हय? मी न्हाई जात."

"येईल. तुमी जा. इथं डॉक्टरपाशी फोन हाय. सुरू झाला की पयला इथं लावा, मी बोलते." मग लेकीकडं बघून म्हणाली, "ह्यांना सांग, नुसती मुंडी हलवू नका म्हनावं."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं ठेवून ओसरीवर फोनजवळ बसलो. ऊन अंगणातून ओसरीवर आलं, परत उतरलं. लाइनमन आला नाही. मी एकदा रिसीव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं.

आता गावात तो काचेचा केस आला आहे. ग्रामपंचायतीत त्याची पेटी आहे, पोरांच्या हातात फोन आहेत. परवा शेजारच्या माणसाला बहीण गेल्याचं ताटावरच कळलं. घास हातात तसाच राहिला. पटकन कळतं, चांगलंच आहे. मी कोण बोलणारा? पण त्या घासाकडं बघून मला ती आठवली, म्हणून हे लिहायला बसलो.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी अंगणात पावलं वाजली. मला वाटलं, आला लाइनमन. उठून बघतो तर सोजरबाई. मागं सडकेवर जीप उभी होती आणि जीपला टेकून प्रकाश खाली मान घालून उभा होता. मी सोजरबाईच्या हातांकडं बघितलं. ते वर नव्हते. पदराखाली काहीतरी धरलेलं होतं.

"आबा, बसा," ती म्हणाली. "आधी दोन घास खा."

त्यांच्या घरची भाकर आमच्या भावकीत कुणी खाल्ली नव्हती. फडकं सोडताना तिचे हात थांबले, मी घेतो का नाही म्हणून. मी घेतली. अजून गरम होती. ती पाण्याचा तांब्या धरून उभी राहिली आणि मी भाकर संपवली. सगळी.