कडक तिळगूळ आणि दोन उमेदवार

शेजारच्या मावशी नसत्या, तर अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोतली माझी डब्याची गिऱ्हाइकं एका हळदीकुंकवातच संपली असती. शाळा सातवीतच सुटलेली मी. इथे पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं.

संक्रांत नुकतीच झाली होती आणि टीव्हीवर एकाच पक्षाचे दोघं अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी भांडत होते. एकाने आजीच्या हातची म्हणून मिरवलेली चिली, म्हणजे खिमा-राजम्याची उसळच, टिनमधली निघाली होती. मावशींकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्यावरून दोन सोफ्यांवर वाटल्या गेल्या.

"आजीच्या नावाने खोटं बोलतो, यार."

"तुमचा तर डिबेटमध्ये पेंगत होता. आणि तुझं पुरण कुठे घरचं असतं गं?"

मग एक काकू माझ्याकडे वळल्या. "तू स्वयंपाकातली. तूच सांग, कोण बरोबर?"

दोन्ही सोफ्यांवर माझी गिऱ्हाइकं बसली होती.

मावशींनी झटकन माझ्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला आणि सगळ्यांना एकेक दिला. लाडू मीच केले होते, आणि पाक कडक झाला होता. बराच वेळ हॉलमध्ये फक्त कडाकडा आवाज येत राहिला. तोंडं मोकळी झाली तेव्हा चर्चा डेंटिस्टवर गेली होती.

"गोड बोला सांगून तुम्ही ऐकत नाही," मावशी म्हणाल्या, "म्हणून यंदा मुद्दाम असे करवून घेतले."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे डबे नेहमीसारखे गेले. मावशींचे दात पडतील तोवर मी मऊ लाडू शिकेन, आणि मग दर संक्रांतीला त्यांना स्वतःच्या हाताने भरवीन.