अकरा गेम, खरंच अकरा: लोणंद ते मिरज, एका कॅसेटच्या मागे

आधीच सांगून ठेवते. हे वाचून कुणाला "बाई, वय काय, करता काय?" असं विचारायचं असेल तर रांगेत उभं राहावं लागेल. पुढे माझा नवरा आहे, त्याच्या पुढे सोसायटीचे सेक्रेटरी आणि सगळ्यात पुढे माझ्या सासूबाई. वय त्रेचाळीस. करते काय, तर जुने टीव्ही गेम जमवते. तेच ते, ज्यांच्या पिना टीव्हीच्या मागे लावायच्या, वरून कॅसेट खुपसायची आणि चित्र नाही आलं की कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकर मारू नका हं. तोंडातली वाफ कॅसेटच्या पिनांवर बसते आणि पिना गंजतात. साधं खोडरबर घ्या आणि हलकेच घासा. हे कळायला मला तीस वर्षं लागली.

निघण्याचं कारण भांडण. आम्हा जमवणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. देशात विकल्या गेलेल्या सगळ्या कॅसेटींची यादी करायचं काम तिथे चालू आहे. मी आठवणीतून एक नोंद दिली. साताऱ्याला आमच्या घरी होती ती कॅसेट. पांढरं लेबल, त्यावर निळ्या शाईचा शिक्का: "११ गेम. खरंच ११." खाली बारीक अक्षरात "मिरज". त्या काळातल्या कॅसेटी ज्यांनी पाहिल्यात त्यांना यातली गंमत कळेल. बाकी सगळ्यांवर "९९९९९९ इन १" छापलेलं असायचं आणि आत सातच गेम, नावं बदलून पुन्हा पुन्हा. आमच्या कॅसेटवर अकरा लिहिलं होतं आणि आत अकराच होते. मी आणि माझ्या भावानं मोजले होते.

गटाचे प्रमुख फार टापटीप गृहस्थ. त्यांच्या कॅसेटी प्लॅस्टिकच्या पेट्यांत, हातमोजे घालून ठेवलेल्या. त्यांनी लिहिलं, "अशी कॅसेट कुणीच पाहिलेली नाही. लहानपणच्या आठवणी फसव्या असतात. महिनाअखेरपर्यंत फोटो आला नाही तर नोंद काढावी लागेल." फोटो कुठून आणू? आमची कॅसेट आईनं दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिली. मला खोटं पाडलं याचा राग आलाच, पण त्याहून मोठा राग दुसरा होता. सगळे बिनदिक्कत थापा मारत होते तेव्हा एका माणसानं खरा आकडा लिहिला, आणि त्याचंच नाव पुसायचं? माझ्या हयातीत तरी नाही.

तेवढ्यात याच ब्लॉगवर एका वाचकाची प्रतिक्रिया आली. मेढ्याला त्याच्या मामाकडे पांढऱ्या लेबलाची एक कॅसेट अजून आहे म्हणे. मी शुक्रवारची रजा टाकली. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, कडेगावला भावाकडे जायचंच होतं. त्या मागच्या सीटवर पिशव्या ठेवून पुढे बसल्या आणि म्हणाल्या, "डब्यापायी एवढं पेट्रोल जाळायचं म्हंजी तुज्या जिवाची कमाल हाय बाई."

पहिला दिवस: लोणंदमार्गे मेढा

पुण्याहून हायवेनं न जाता सासवड, जेजुरी, नीरा असं लोणंदला उतरलो. दिवेघाटात सकाळी सातच्या आत पोचा, नंतर ट्रकच्या मागे रांगावं लागतं. लोणंदला कांद्याच्या गाड्यांनी बाजारपेठ अडवलेली असते, म्हणून गाडी स्टेशनच्या बाजूला लावून चालत जा. वडापाव स्टेशनसमोर खा, मिरची मागून घ्या.

लोणंदला माझा ठरलेला भंगारवाला आहे. त्याच्याकडे पोत्यात कॅसेटी असतात. तिथे बसकण मारून तासभर पोतं उपसणं हे माझं सुख आहे, आणि ते कुणी कितीही नाकं मुरडली तरी सोडणार नाही. पण तोटेही सांगते, नाहीतर तुम्ही मला शिव्या द्याल. दहातल्या सहा कॅसेटी बंद निघतात. दोन चालतात पण लेबल एक आणि गेम भलताच. प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि परत पांढरं होत नाही. बंदुकीचे गेम नव्या सपाट टीव्हीवर चालतच नाहीत, त्यासाठी पाठीमागे डेरा असलेला जुना टीव्ही लागतो. तो मी आणला, तेव्हापासून आमच्या बेडरूमचं दार पूर्ण उघडत नाही. नवरा आडवा होऊन आत येतो. येऊ दे.

त्या दिवशी पोत्यात सोळा कॅसेटी मिळाल्या. पांढरं लेबल एकही नाही. आक्का गाडीतून उतरल्याच नाहीत.

वाठारवरून साताऱ्यात आलो, जेवलो आणि मेढ्याच्या रस्त्याला लागलो. रस्ता वळणांचा पण चांगला आहे. मुक्काम मात्र साताऱ्यातच ठेवा.

मेढ्याच्या अलीकडच्या एका वाडीत त्या वाचकाचे मामा राहतात. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ माणूस. मामींनी पाणी दिलं. मी गेमचं नाव काढताच सुभेदार म्हणाले, "हाय की! पण त्यो आता देवघराजवळ असतोय."

मला वाटलं चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. देवघराशेजारच्या फडताळात शिवणयंत्राजवळ टीव्ही गेम ठेवला होता आणि तो वरपासून खालपर्यंत हळदकुंकवानं माखला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारं आणि यंत्रं पुजतात. एका वर्षी मुलानं हट्ट धरला की माझंही यंत्र पुजा. मामींनी पुजलं. मुलगा मोठा होऊन फौजेत गेला, पूजा चालू राहिली. आणि मामी ज्या हातानं घरच्या पिठाच्या गिरणीच्या तोंडाला हळदकुंकू लावतात त्याच हातानं दरवर्षी यंत्राच्या तोंडाला लावत आल्या. टीव्ही गेमचं तोंड म्हणजे कॅसेटची खाच. कॅसेट आतच होती. इतक्या वर्षांचं कुंकू खाचेत जाऊन, दमट हवेत भिजून, कॅसेट जागच्या जागी पक्की बसली होती. लेबलवर थर. त्यातून निळ्या शाईतलं "खरं" एवढंच दिसत होतं.

हीच ती.

"विकणार का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आवं ताई, पूजंतली वस्तू कोण इकतंय व्हय?" मामी म्हणाल्या. "बघा की निवांत. पर पुसू नका. दसऱ्याचं हाय त्ये."

फोटो काढून गटावर टाकला. लगेच उत्तर आलं, "लेबल वाचता येत नाही. पुसून पाठवा."

मामी चहा टाकायला आत गेल्या. सुभेदार गोठ्याकडे गेले. खोलीत मी आणि आक्का. माझ्या खिशात ओला रुमाल होता. अंगठ्याएवढा कोपरा पुसला असता तरी काम झालं असतं.

"पूस की," आक्का हळूच म्हणाल्या. "कोण बघतंय? परत लाव कुकू. करंडा हितंच हाय."

मी रुमाल काढला. खोटं कशाला सांगू, लेबलापासून बोटभर अंतरापर्यंत नेला. मग स्वतःचीच शरम वाटली. ज्या कॅसेटचा मोठेपणा एवढाच की तिनं फसवलं नाही, तिच्यासाठी मी या माउलीला फसवणार होते. रुमाल परत खिशात घातला. आक्कांनी हातातला करंडा परत जागेवर ठेवला.

चहा पिताना सुभेदारांना विचारलं, कॅसेट घेतली कुठे?

"मिरजंत. ड्यूटीवर जाताना तितं गाडी बदलायची असायची. छुट्टी संपवून निघालो व्हतो, पोरगं रडत व्हतं, म्हणून पुढच्या खेपंला त्येच्यासाठी घिऊन आलो. दर्ग्याच्या मागं, सतारवाल्यांच्या गल्लीत. एकच माणूस व्हता. टीव्ही बी दुरुस्त करायचा."

मग मिरजेला जाणं आलंच.

दुसरा दिवस: कडेगाव आणि मिरज

साताऱ्याहून कराडपर्यंत हायवे, मग विट्याचा रस्ता. डिसेंबरात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना पट्टी. अंधारात या रस्त्यावर गाडी काढू नका, हे हात जोडून सांगते. कडेगावात आक्कांच्या भावाकडे भाकरी, भरलं वांगं आणि खर्डा. "सूनबाई मिरजंला कशाला निघाली?" असं भावानं विचारलं. आक्का म्हणाल्या, "काम हाय तिचं." मी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. कडेगावला राहायला आलेल्या आक्का मग पिशवी घेऊन परत गाडीत येऊन बसल्या.

मिरजेत गाडी स्टेशनजवळ लावा, गल्ल्यांत नेऊ नका. सतारवाल्यांच्या गल्लीत भोपळे टांगलेले असतात आणि पॉलिशचा वास येतो. दोन दुकानांत विचारलं, तिसऱ्यानं नजीरचाचांचं नाव घेऊन बोट दाखवलं. शेवटच्या दुकानात नजीरचाचा सतारीच्या मानेला कानस लावत बसले होते. सत्तरीचे असतील. मी फोनवर मेढ्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "हे कुंकू कुणी लावलं?"

मी सगळं सांगितलं. चाचा इतके हसले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

"लय खपल्या न्हाईत बेटी. शंभर-सव्वाशे केल्या असतील. लोक म्हणायचे, तिकडं नऊ लाख गेम मिळत्यात, तुझ्याकडं अकराच? मी म्हणायचो, मोजून घे."

"पण तुम्हीही लिहायचं ना नऊ लाख. सगळे लिहीत होते."

त्यांनी मांडीवरची सतार जरा उचलून दाखवली. "आमच्या घरात सतारी करत्यात. सात तारा सांगितल्या तर सात लावाव्या लागत्यात. गिऱ्हाईक वाजवून बघतंय. थापा मारायची सवयच न्हाई लागली, काय करू?"

एकही कॅसेट शिल्लक नव्हती. शिक्का कधीच हरवला होता. मी यादीचं सांगितलं, महिनाअखेरचं सांगितलं. म्हटलं, तुमच्यासोबत फोटो काढते, तुमचं नाव देते. चाचांनी मान हलवली. "फोटू काढ. पर त्यांना पायजे लेबल. माझं तोंड बघून त्यांना काय कळणार?" मग थोडं थांबून म्हणाले, "तसं बारा व्हते."

"काय बारा?"

"गेम. बारावा दुसऱ्या घरात, म्हंजी दुसऱ्या लेव्हलला, जाऊन अडकायचा. लय खटपट केली, न्हाई सुटला. अर्ध्याला पुरं कसं म्हणायचं? म्हणून घातलाच न्हाई त्यो."

उठून त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तारा, स्क्रू आणि कापसात गुंडाळलेली एक चिप. इतकी वर्षं ठेवली होती, कधीतरी सुटेल म्हणून. मग त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला आणि दोन तास कामाला लागले. माझ्या लोणंदच्या पोत्यातली एक बंद कॅसेट फोडून आतली सर्किटची पाटी घेतली, तिच्यावर ती चिप डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवली. कॅसेटचं टरफल फुटलं, तर सतारीच्या उरलेल्या लाकडातून नवं कापलं आणि कानशीनं गुळगुळीत केलं. शेवटी कागदाचा तुकडा चिकटवून बॉलपेननं लिहिलं: "१ गेम. अर्धाच. मिरज." पैसे विचारले तर म्हणाले, "अर्ध्याचे काय घ्यायचे?" मग मी त्यांच्या नातीसाठी सांगलीचं भडंग घेऊन दिलं, तेवढं त्यांनी ठेवून घेतलं.

रात्रीचा मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर केला. खोली साधी, चादर स्वच्छ, गरम पाणी सकाळी सात ते आठच. रविवारी हायवेनं पुण्याला परत.

घरी

गटावर सगळं लिहिलं, तीन फोटो टाकले. प्रमुखांचं उत्तर आलं: "भावना समजल्या, पण हा पुरावा नाही. नोंद काढत आहोत." त्याखाली वेगळा निरोप, फक्त मला: "ती लाकडी कॅसेट द्याल का? किंमत तुम्ही सांगा." म्हणजे माणूस खोटा, पण त्याच्या हातची वस्तू पेटीत हवी! मी लिहिलं, "यादी तुमची आहे, खोडा. कॅसेट माझी आहे, मिळणार नाही." आणि गट सोडला. वाचकहो, जमवण्याचा सगळ्यात मोठा तोटा बंद कॅसेटी नव्हे, जमवणारे आहेत. तुम्ही जमवायला लागलात तर प्लॅस्टिकच्या पेट्या शेवटी घ्या. आधी माणसांकडे जाऊन बसा, त्यांचा चहा प्या. नजीरचाचांच्या कॅसेटमध्ये अकरा गेम होते. ते मी इथे लिहिलं आहे आणि इथून ते कुणी काढणार नाही.

पिना लावल्या, कॅसेट बसवली. गेम साधाच आहे: एक छोटा माणूस झाडांवरून उड्या मारत फळं गोळा करतो. मी दोन डाव खेळले, दोन्ही वेळा पहिल्याच घरात मेले. मागून आक्का म्हणाल्या, "दे हिकडं." दोन्ही हातांनी गेमचा रिमोट धरून, जीभ दातांत धरून त्या बसल्या. नवरा दारात आडवा उभा राहून बघत होता. सातव्या खेपेला आक्कांनी पहिलं घर पार केलं. दुसऱ्या घरात माणसानं एक लांब उडी मारली आणि हवेतच थांबला. आवाज थांबला. बटणं दाबून काही होईना.

"पडला का त्यो?" आक्कांनी विचारलं.

"नाही आक्का. अडकला. याच्या पुढे गेमच नाही."

त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं. माणूस वर होता, दोन्ही हात फळाकडे.

"मग मी हारले न्हाई," त्या म्हणाल्या.