पत्रिकेत दोनदा आलेले मोठेबाबा

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मोठेबाबांचं नाव राहून गेलं होतं. मोठेबाबा म्हणजे अप्पांचे, माझ्या वडलांचे, सख्खे थोरले भाऊ. आमच्या हसनाबादकडं पत्रिकेत नाव राहिलं, की मग तुम्ही दारात गाडी उभी करा नाहीतर पाय धरा, माणूस येत नाही. मोठेबाबा आले नाहीत. माझ्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि अप्पा सारखे मांडवाच्या दाराकडं बघत होते. तेव्हापासून बांधाला बांध लागून शेतं, पण दोघं भाऊ बोलायचे ते गड्यामार्फत.

म्हणून धाकटीचं लग्न ठरलं तसे अप्पा मला म्हणाले, "बाई, या टायमाला दादाचं नाव राहिलं ना, तर मी मांडवात उभा राहणार न्हाई."

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. फुशारकीनं म्हटलं, "द्या इकडं. एक जरी नाव सुटलं तर विचारा मला."

भोकरदनच्या प्रेसवाल्यानं मजकूर फोनवर पाठवला. आमची भावकी केवढी, देवा! सगळ्यांचं आडनाव एकच. कुणाला मधे 'राव' पाहिजे, कुणाला 'पाटील', कुठं एक जागा सुटलेली, कुठं दोन. एकेक वाचत बसायला मला वेळ कुठं होता? मी शोधायचा एक साचा लिहिला. आधी माणसाचं नाव, शेवटी आडनाव, मधे एक टिंब आणि चांदणी. टिंब-चांदणी म्हणजे मधे काहीही असो, कितीही असो, चालेल. सगळी भावकी सापडली. मोठेबाबा नाहीत.

"म्या तर प्रेसवाल्याला सांगितल्तं की गं," अप्पा म्हणाले.

"अप्पा, कंप्युटर खोटं बोलतो का?"

अप्पांचा चेहरा उतरला. मग त्यांनी प्रेसवाल्याला फोनवर असं काही झापलं, की त्यानं मोठेबाबांचं नाव सगळ्यांच्या वर ठळक अक्षरात टाकलं आणि तासाभरात पत्रिका छापून मोकळा झाला.

संध्याकाळी आई पत्रिकांना हळद-कुंकू लावत होती, धाकटी घड्या घालत होती. ती एकदम किंचाळली, "ताई! मोठेबाबा इथं पण आहेत!"

होते. मधल्या गर्दीत, एका ओळीच्या अगदी टोकाला त्यांचं नाव आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव. माझं टिंब ओळ संपली तिथंच थांबलं होतं. त्याला काहीही चालतं, पण ओळ ओलांडायची तर वेगळं सांगावं लागतं. मला माहीत नव्हतं का? रोज हेच तर करून राह्यले! चिडून त्याला तिथल्या तिथं सांगितलं, ओलांड बाबा. तर पठ्ठ्यानं मोठेबाबांपासून जे धरलं, ते भावकीतल्या शेवटच्या आडनावापर्यंत अख्खी पत्रिका उचलून दिली. मग एक प्रश्नचिन्ह घालून बजावलं, पहिलं आडनाव आलं की बस. तेव्हा कुठं मोठेबाबा नीट दोनदा दिसले. वरातीमागून घोडं!

अप्पांनी घडी घातलेली पत्रिका परत उघडली. "दादाला वाटंल, आपण थट्टा करून राह्यलो त्याची."

लग्नसराईचे दिवस, प्रेसवाला परत छापायला तयार होईना. मीही घाबरले. सकाळी अप्पा, मी आणि माझा नवरा मोठेबाबांच्या घरी निघालो. दारापाशी अप्पा नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही गाडीतच थांबा. दादा काय बोलंल, नेम न्हाई. तुमच्यासमोर नको."

आत अप्पांनी अक्षता ठेवल्या आणि पत्रिका पुढं केली. मोठेबाबांनी चष्मा लावला. वरचं नाव वाचलं. मग बोट खाली खाली सरकत गेलं आणि मधेच थांबलं.

"दोनदा?"

मीच बोलले, "मोठेबाबा, अप्पांनी तुमचं नाव आधीच दिल्तं. माझ्या कंप्युटरला दिसलं नाही, मग आम्ही घाबरून परत घातलं."

"घाबरून? कशापायी?"

"तुम्ही येणार नाही म्हणून."

मोठेबाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि इतक्या वर्षांनी सरळ अप्पांकडं बघितलं. "येडा हायेस का रे?" म्हणाले. अप्पा लहान पोरासारखे रडायलाच लागले. मलाही आवरेना.

मोठेबाबांनी मला जवळ बोलावलं. वरच्या नावावर बोट ठेवलं. "हे धाकटीच्या लग्नाचं." मग खालच्या, दोन ओळींत मोडलेल्या नावावर. "आन् हे तुझ्या. हिशोब बराबर झाला. आता सांग, नवरा कुठंय तुझा? मी त्याला अजून बघितलं बी न्हाई."

मी अनवाणीच गाडीकडं पळाले.