साडेचार टक्के जास्त

पिंगळीचा रंगनाथ रोज सकाळच्या गाडीने परभणीला यायचा आणि एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॅन्सरच्या रोग्यांना कोबाल्टच्या मशीनखाली किरणांचा शेक द्यायचा. आधी तो कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्रयोग करून दाखवायचा, म्हणून लोक त्याला मास्तरच म्हणत. ट्रस्टने त्याला वर्षभर मुंबईला शिकायला पाठवलं, आणि तिथून तो एक खोड लावून घेऊन आला. स्वतः मोजल्याशिवाय कुणाचा आकडा खरा मानायचा नाही.

महिन्यातून एकदा तो पाण्याच्या टाकीत बोटाएवढं चेंबर बुडवून मशीनचा जोर मोजायचा. किरण चेंबरमधल्या हवेतून गेले की काटा हलतो. पण हवा विरळ असली तर काटा कमी हलतो. म्हणून खोलीचं तापमान आणि हवेचा दाब बघून आकडा दुरुस्त करायचा आणि त्यावरून कुणाला किती मिनिटं शेक द्यायचा ते ठरवायचं.

१९८६च्या जानेवारीत नामांतराच्या बंदच्या दिवशी रस्त्यावरून आलेला एक दगड काच फोडून थेट हवेचा दाब मोजायच्या बॅरोमीटरवर बसला. पारा फरशीभर पळाला. नवा मागवला, तो आलाच नाही. मग रंगनाथ हवामानवाल्यांना फोन लावून दाब विचारू लागला. त्याच महिन्यात मशीनमध्ये किरण सोडणारी कोबाल्टची नवी गोळी बसली. गोळीसोबतच्या कागदावरचा जोर त्याच्या मोजणीपेक्षा जास्त होता. रंगनाथने कागद बाजूला ठेवला. मोजणी आपली, म्हणजे खरी.

मे महिन्यात त्याने कॉलेजातून एक बॅरोमीटर मागून आणला. त्यात दाब होता नऊशे एकसष्ट मिलिबार. फोनवर सांगितला होता एक हजार पाच. त्याने पुन्हा फोन फिरवला.

"अवो मास्तर, आमी सांगतो तो समुद्राच्या पातळीवर आणलेला आकडा," पलीकडचा कारकून हसला. "नकाशावर समदी गावं एका पातळीवर घ्यावी लागतात. तुमी कदी इचारलंच न्हाई."

परभणी समुद्रापासून तेराशे फूट उंच. इथली हवा विरळ, काटा कमी हलायचा, आणि फोनवरच्या आकड्याने ती तूट भरून निघतच नव्हती. रंगनाथने खुर्ची ओढली आणि आकडे मांडले. चार महिने तो मशीनचा जोर कमी धरत आला होता, म्हणून मिनिटं जास्त लावत आला होता, आणि प्रत्येकाला साडेचार टक्के जास्त शेक गेला होता.

त्याने हे सांगितलं तेव्हा दवाखान्याचे मोठे डॉक्टर दिनकरराव यांनी दार लोटून घेतलं. "उद्यापासून बरोबर मिनिटं लावा. मागचं उकरू नका."

"साहेब, ज्यांचे शेक चालू आहेत त्यांचे कमी करावे लागतील. कार्डावर लिहावं लागेल."

"लिहा, म्हणजे लोक मशीन फोडतील. साडेचार टक्क्यांनी कोण मरतं हो?"

तेवढ्यात बाहेर काच फुटली.

चारठाण्याचा लिंबाजी आला होता. त्याची आई सरजाबाई हिच्या घशाला कॅन्सर होता. तीसपैकी चोवीस शेक झाले होते. गळ्याची कातडी सोलून निघाली होती आणि तीन दिवसांत पाणी घशाखाली उतरलं नव्हतं. तिला बाकावर बसवून लिंबाजीने औषधांचं कपाट खाली ओढलं, बाहेर आलेल्या दिनकररावांची गचांडी धरली आणि त्यांना भिंतीवर आपटलं.

"माय जाळली माजी! कोंबडी हाय का ती?"

"अरे, शेकाने कातडी जातेच!" दिनकरराव गुदमरत म्हणाले. "सगळ्यांची जाते. महिनाभरात भरून येईल."

हे खरंही होतं. लिंबाजीची पकड ढिली झाली. तो आईकडे बघू लागला. आणखी चार शब्दांत तो निघून गेला असता.

"जास्त गेलाय, लिंबाजी," रंगनाथ म्हणाला. "माझ्या हातून."

पहिला ठोसा तोंडावर बसला आणि पुढचे दोन दात आत गेले. मग लिंबाजीने लोखंडी स्टूल उचललं. रंगनाथने हात वर केला. कोपर मोडल्याचा आवाज बाकावरच्या सरजाबाईलाही ऐकू आला. तो पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. मग सलाईन टांगायची सळई घेऊन लिंबाजी मशीनच्या खोलीकडे धावला.

"ह्या भुतालाच फोडतो आता!"

सळईने गोळीभोवतीचं शिसं फुटलं नसतं. पण किरण अडवणारी झडप वाकून उघडी राहिली असती, तर तिच्यासमोर काही मिनिटं उभा राहिलेला माणूस वाचला नसता. लिंबाजी खोलीचं जड दार रेटत होता, तोवर रंगनाथ फरफटत आत शिरला आणि झडपेला पाठ लावून उभा राहिला. सळई त्याच्या खांद्यावर बसली, मग बरगडीवर.

"मला मार," तो रक्त थुंकत म्हणाला. "मशीनला हात लावू नको. तुझी माय दारात उभी हाय."

सरजाबाई भिंत धरून आलीच होती. तिने मुलाच्या कानफटात दिली, आणि तोल जाऊन त्याच्याच अंगावर कलंडली. तिचा आवाज गेला होता. घोगरं, श्वासाएवढं बोलायची.

"किती जास्त, मास्तर?"

"एक शेक, बाई. चोवीस झाले, अंगात पंचवीस गेले."

"मंग आता?"

"सहाच्या जागी पाच."

"लिवा तसं," ती म्हणाली. "अन् ह्याला भाईर काढा."

रंगनाथने डाव्या हाताने तिच्या कार्डावर आपली चूक लिहिली आणि खाली सही केली. दिनकररावांनी पोलिसांना बोलावलं. मी पडलो, असं रंगनाथने सांगितलं. सरजाबाईने पुढच्या आठवड्यापासून पाच शेक घेतले. पाचही वेळा लिंबाजी बाहेर घड्याळ धरून मिनिटं मोजत उभा राहिला. नंतर ती दोन वर्षं जगली. ट्रस्टने रंगनाथला महिनाअखेर काढून टाकलं.

जानेवारीपासून शेक घेतलेले आणखी सतरा रोगी होते. हात गळ्यात बांधून तो एसटीने गावोगाव गेला. दोन घरी मार खाल्ला. एका घरी त्याला चहा मिळाला आणि त्याचं बोलणं कुणाला कळलं नाही. मानवतला व्यंकटराव नावाच्या रोग्याच्या दारात पोचला, तेव्हा व्यंकटरावांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांची बायको कस्तुराबाई उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती.

"त्यानंच गेले का मालक?" तिने विचारलं.

"माहीत नाही," रंगनाथ म्हणाला. "ते मोजता येत नाही."

तिने त्याची कॉलर धरली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, मोडक्या बरगड्यांवर मारत राहिली. तो मोकळा हात खाली सोडून उभा राहिला.