पेन्सिलीची खूण

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत हरिश्चंद्रमामा मदतनीस होते. राहायला जूचंद्रला, शिक्षण सातवी. पण सोनोमीटरवर त्यांच्याइतका हात सरांचाही बसला नव्हता. सोनोमीटर म्हणजे पोकळ लाकडी पेटी, तिच्यावर वजन टांगून ताणलेली तार आणि तारेखाली दोन सरकत्या घोड्या. घोड्यांमधलं अंतर नेमकं जुळलं, की झणझणता ट्यूनिंग फोर्क पेटीवर टेकवताच तार आपणहून थरथरते आणि तिच्यावरचा कागदाचा कपटा उडून पडतो. मामा तार नुसती छेडून सांगत, बोटभर अलीकडे घे.

बोर्डाच्या परीक्षेआधी मामा पेटीवर फिकट पेन्सिलीने घोड्यांच्या जागांवर खुणा करून ठेवत. नाव हरिश्चंद्र आणि उद्योग हा! पण वसईतले कितीतरी इंजिनिअर त्या खुणांवर तरले आहेत. सराव परीक्षेत मीही तरलो, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू?

अठ्ठ्याण्णव साली मामांची मुलगी अक्षया आमच्याच बॅचला होती. त्यांच्या घरात सायन्सला गेलेली पहिलीच. फार्मसीला जायचं तिने ठरवलं होतं आणि प्रॅक्टिकलच्या गुणांवर सगळी मदार होती.

परीक्षेच्या सकाळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वजन टांगलं आणि खाऱ्या हवेने गंजलेली तार तुटली. कपाटात दुसरी होती ती जाड. मामांनी घाईघाईने तीच लावली. तार जाड झाली की तीच लांबी खालचा सूर देते, म्हणजे जुन्या खुणा कुचकामी. त्या पुसायला त्यांनी फडका घेतला, तोवर मुलं आत आली. अक्षयाने चिठ्ठी उचलली. सोनोमीटर.

मी शेजारच्या टेबलावर होतो; तार बदलताना मी दारातून पाहिलं होतं. तिने घोड्या बरोबर खुणांवर ठेवल्या, फोर्क टेकवला. कपटा हलला नाही. घोड्या केसभर इकडे, केसभर तिकडे केल्या, पण खूण काही सोडली नाही. खरी जागा चांगली चार बोटं आत होती. मामा भिंतीशी फडका पिळत उभे होते. बोलावं तर खुणा उघड्या पडणार, आणि पोरगीच आधी बाद होणार. गप्प राहावं तर समोर हे. मला त्यांच्याकडे बघवेना. मीही गप्पच राहिलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

शेवटी तिने खुणांमधलं अंतर मोजून लिहून टाकलं. परीक्षकांनी करून दाखवायला सांगितलं. कपटा जागचा हलला नाही. हा आकडा कुठून आणला, असं त्यांनी तीनदा विचारलं. पेटीवरची खूण अक्षयाने हाताने झाकली होती.

संध्याकाळी मामा गेटपाशी तिची वाट बघत होते. मी मागेच होतो.

"तार जाड व्हती, पोरी," मामा म्हणाले. "सकाली मीच लावली."

तिचा चेहरा एकदम हायसं वाटल्यासारखा झाला.

"म्हणजे तुमची खूण चुकली नव्हती ना, बाबा?"

मामांना नुसती मान हलवायची होती. तेवढंही त्यांना जमलं नाही.