भिवाजीचा कडता

माणच्या भिवाजीनं चाळीस वर्षं मावळात फिरून भात खरेदी केलं. आता शेतांवर आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि याच्याकडं उरल्या भाड्यानं दिलेल्या खोल्या अन् कमकुवत झालेलं हृदय. हृदयाचा जोर कमी पडला की अंगात पाणी साठतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि फोनवर एक ॲप दिलं. रोज सकाळी वजन करायचं, आकडा टाकायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, की दवाखान्यातली नर्स अपूर्वा लगेच फोन करणार.

मी त्याचा शेजारी; मला वाटलं, गडी चार दिवसांत कंटाळेल. पण हा भलताच चौकस! पहिल्याच दिवशी अपूर्वाला फोन.

"पोरी, मी आकडा टाकला की तितं घंटा वाजती का गं?"

"नाही हो आजोबा, स्क्रीनवर दिसतो."

"आन् मी जेवताना दिसतो का?"

"नाही!"

तरी मिठाची बंदी असल्यानं लोणचं खाताना हा फोन पालथा घालायचा. त्याची बायको रत्नाबाई मला हे सगळं न विचारता सांगायची. न सांगितलं तर मी विचारायचो.

परवा ती म्हणाली, "भावजी, लक्षण बरं न्हाई. ह्यास्नी आडवं पडलं की दम लागतोय. पायात चपला जाईनात. आन् वजन बघावं तर आठ दिस एकसष्टच!"

मला राहवेना. सकाळी जाऊन बसलो. भिवाजी काट्यावर चढला. आकडा आला पासष्ट. यानं शांतपणे फोनवर एकसष्ट टाकले.

"भिवा, डोळं गेलं का काय?"

"चार किलो कडता काढला."

"कसला कडता?"

"ओल्या भाताला काढतो तसाच. माल ओला असला की पाण्याचं वजन वजा करायचं. माझ्या पायात पाणी हाय, ते काय माझं वजन व्हय?"

रत्नाबाईनं कपाळावर हात मारला. मला हसू आलं, पण त्याचा श्वास ऐकून ते तिथंच विरलं.

"अरे शहाण्या, त्या पोरीला पाणीच मोजायचंय! तू तेवढंच वगळलंस."

भिवाजी काट्याकडं बघत राहिला. मग धापा टाकत पुन्हा चढला आणि पासष्ट टाकले. पाचव्या मिनिटाला फोन वाजला.

"आजोबा, एका रात्रीत चार किलो?"

"एका रातीत न्हाई, पोरी. आठ दिस मी वजा करीत हुतो."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "काही खाऊ-पिऊ नका, थेट दवाखान्यात या. आत्ता!"

भाडेकरूच्या गाडीतून त्याला नेलं. चौथ्या दिवशी भेटायला गेलो, तर गडी सपाट आडवा पडून अपूर्वाची उलटतपासणी घेत होता.

"चार किलो पाणी काढलं म्हणतीस. निस्त्या दोन पायांत ते एवढं मावलं कुटं गं?"